वाऱ्याची दिशा आणि वादळाची वाट

सन २०२० च्या जून महिन्याची ३ तारीख आमच्या पालकवर्गास आठवत असेल; जे विद्यार्थी तेव्हां अगदीं लहान होते त्यांनीं तिच्याविषयीं घरच्या वडील मंडळींस विचारावें. कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद होत्या, माणसें घरांत कोंडलीं होतीं, आणि सकाळपासून एकच वार्ता ऐकूं येत होती: अरबी समुद्रांत उठलेलें 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ कोंकणकिनाऱ्याकडे येत आहे. दुपारीं साडेबाराच्या सुमारास तें अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढूं लागलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर होता, आणि मधले झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, मंडणगड या बाजूच्या नारळीपोफळीच्या बागा, ज्या उभ्या करण्यांत एकेका कुटुंबाच्या दोन-दोन पिढ्या खर्चीं पडल्या होत्या, त्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. हजारों घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक गांवांत पुढें अनेक दिवस दिवा लागला नाहीं.

आम्ही वऱ्हाडांतील माणसें ती वार्ता ऐकून हळहळलों. आणि खरें सांगावयाचें तर मनांतून निश्चिंतहि राहिलों. समुद्र कोठें आणि अकोला कोठें! मुंबईहून अकोल्यास आगगाडीनें यावयाचें तर पावणेसहाशें किलोमीटरांहून अधिक अंतर पडतें; अमरावती त्याच्याहि पुढें. मध्यें सह्याद्रीची भिंत उभी. तेव्हां हें संकट कोंकणचें. आपण फार तर मदतनिधीस यथाशक्ति कांहीं द्यावें, एवढाच आपला त्याच्याशीं संबंध, असें आम्हांस वाटलें. परंतु हवामानखात्याच्या नोंदी कांहीं निराळेंच सांगतात. तें वादळ सह्याद्री ओलांडून, दुबळें होत होत ईशान्येकडे निघालें, आणि ४ जूनच्या पहांटे त्याचा जो अवशेष उरला होता तो पश्चिम विदर्भावर, म्हणजे आमच्याच माथ्यावर, येऊन ठेपला होता. काल दुपारीं समुद्रकांठीं असलेलें वादळ आज सकाळीं आमच्या दारीं! त्याचा जोर ओसरला होता म्हणून आम्ही सुखरूप राहिलों. परंतु 'समुद्र आपल्यापासून दूर आहे' ही आमची समजूत मात्र त्या एका रात्रींत खोटी ठरली.

आम्हांस या लेखांत जें सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, वादळाची व पावसाची वाट ओळखण्याची विद्या ही केवळ कोळ्यांची आणि खलाशांची विद्या नव्हे. ती वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरचीहि विद्या झाली पाहिजे; आणि ती घरोघर नेण्याचें काम शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींनीं अंगावर घेतलें पाहिजे.

प्रथम एका कोड्याचा विचार करूं. 'निसर्ग' वादळ नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्रांतून, जमिनीकडे येत होतें. असें वादळ जवळ येऊं लागलें म्हणजे त्याच्या वाटेच्या उत्तरेस असलेल्या किनाऱ्यावर वारा प्रथम पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहूं लागतो. किनाऱ्यावर उभा असलेला अजाण मनुष्य म्हणेल, "वादळ पश्चिमेस आहे, आणि वारा तर पूर्वेचा आहे, तेव्हां हा वारा त्या वादळास मागें लोटीत असला पाहिजे. आतां भय नाहीं." हा तर्क दिसण्यांत सरळ आहे, परंतु त्याच्या भरंवशावर जो आपली होडी समुद्रांत लोटील तो जिवास मुकेल. कारण तो पूर्वेचा वारा वादळास मागें लोटीत नसतो. तो वादळाकडेच ओढला जात असतो, आणि वादळ आपल्या वाटेनें पुढें येतच असतें.

हाच घोटाळा एका मोठ्या बुद्धिमान् पुरुषाच्याहि मनांत झाला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ईशान्येच्या जोरदार वाऱ्याचीं मोठीं वादळें होतात. त्यांस तेथील लोक वाऱ्याच्या दिशेवरूनच 'नॉर्ईस्टर' म्हणतात. सन १७४३ च्या ऑक्टोबर महिन्यांत फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँक्लिन हे एका रात्रीं चंद्रग्रहण पाहण्याची तयारी करून बसले होते. ग्रहण रात्रीं नऊच्या सुमारास दिसावयाचें. परंतु त्यापूर्वींच ईशान्येचा सोसाट्याचा वारा सुटला, आभाळ भरून आलें, आणि ग्रहण पाहण्याचा बेत फसला. फिलाडेल्फियाच्या ईशान्येस शेंकडों किलोमीटरांवर बोस्टन शहर आहे. तेथें फ्रँक्लिन यांचे बंधु राहत असत. वारा ईशान्येकडून आला, त्या अर्थीं तें वादळ आधीं बोस्टनास झोडपून मग आपल्याकडे आलें असणार, असें फ्रँक्लिन यांनीं गृहीत धरलें. पुढें बंधूंकडून वृत्तांत आला तो वाचून ते चकित झाले. बोस्टनच्या लोकांनीं ग्रहण चांगलें पाहिलें होतें, आणि वादळ तेथें त्यानंतर पोंचलें होतें!

दुसरा कोणी असता तर 'काय चमत्कारिक गोष्ट!' एवढें म्हणून ती विसरून गेला असता. फ्रँक्लिन यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं इतर ठिकाणांहून आलेले वृत्तांत ताडून पाहिले, आणि असा निष्कर्ष काढला कीं, वारा जरी ईशान्येकडून वाहत होता तरी सबंध वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चाललें होतें. वाऱ्याची दिशा एक आणि वादळाची वाट दुसरी. आपल्या दारांतील वाऱ्यावरून सबंध वादळाचा निवाडा करतां येत नाहीं. त्यासाठीं दूरच्या माणसानें काय पाहिलें तेंहि विचारावें लागतें. आजच्या हवामानशास्त्राचा पाया याच एका गोष्टीवर उभा आहे: अनेक ठिकाणच्या माणसांनीं एकाच वेळीं पाहावें, आणि पाहिलेलें एकत्र करावें.

हें कसें घडतें तें समजण्यास मोठें यंत्र नको. पावसाळ्यांत पूर्णा, पेढी किंवा मोर्णा नदीस पूर आला म्हणजे कांठावर सुरक्षित जागीं उभे राहून पाण्यांतील भोवरा पाहावा. भोवऱ्यांत सांपडलेली काडी गरगर फिरते. कधीं ती प्रवाहाबरोबर जाते, कधीं प्रवाहाच्या उलटहि जातांना दिसते. परंतु सबंध भोवरा मात्र प्रवाहाबरोबर पुढेंच सरकत असतो. काडीची गति म्हणजे वारा, आणि भोवऱ्याचा प्रवास म्हणजे वादळ. हवेंत एखाद्या ठिकाणीं दाब कमी झाला म्हणजे चोहोंकडची हवा तिकडे धांवते. परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळें ती सरळ न जातां वळते, आणि पृथ्वीच्या उत्तर गोलार्धांत, म्हणजे आपल्याकडे, घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें त्या मध्याभोंवतीं फिरूं लागते. समुद्राच्या ऊन पाण्याची वाफ वर चढून तिचे ढग बनतांना जी उष्णता सुटते ती या चक्रास बळ देते. म्हणून समुद्रावर असेपर्यंत चक्रीवादळ वाढत राहतें, आणि जमिनीवर चढलें कीं त्याचा आहार तुटून तें क्षीण होऊं लागतें. याच चक्रास 'सायक्लोन' हें नांव आपल्याच देशांत मिळालें. कलकत्त्यास राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनीं सन १८४८ मध्यें खलाशांसाठीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत, वेटोळें घातलेल्या सापाच्या ग्रीक कल्पनेवरून, हा शब्द त्यांनीं योजिला आहे.

पुढें सन १८५७ मध्यें बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञानें एक सोपा नियम प्रसिद्ध केला. तो आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाची जागा तुमच्या डाव्या हातास असेल. जमिनीवर झाडें व टेंकड्या यांच्या अडथळ्यामुळें ती डाव्या हातास व किंचित् पुढें असते. किनाऱ्यावरचा मनुष्य पूर्वेच्या वाऱ्याकडे पाठ करील तर त्याचें तोंड पश्चिमेस आणि डावा हात दक्षिणेस होईल. आणि किंचित् पुढें म्हणजे नैर्ऋत्येस. 'निसर्ग' वादळ तेथूनच आलें. ज्या मनुष्यास तो वारा अभय देत आहे असें वाटलें असतें, त्यासच या नियमाच्या ज्ञानानें तो वारा भयाची सूचना देऊन गेला असता.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. आपल्या पावसाळ्यांतील नेहमींचा वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. परंतु जून ते सप्टेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरावर मधून मधून कमी दाबाचीं क्षेत्रें तयार होतात, आणि ओडिशा व छत्तीसगड यांवरून तीं पश्चिमेकडे सरकतात. त्यांपैकीं कांहीं विदर्भावरून किंवा विदर्भाच्या उत्तरेकडून पुढें जातात. असें क्षेत्र जवळ येऊं लागलें म्हणजे आपल्याकडील नेहमींचा वारा पडतो, आणि उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा सुटतो. त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलें तर डावा हात पूर्वेस किंवा आग्नेयेस येतो. म्हणजे कमी दाबाची जागा त्या बाजूस आहे आणि पाऊस तिकडून सरकत येण्याचा संभव आहे, असें समजावें. समुद्र आपल्याला दिसत नाहीं. परंतु दोन्ही बाजूंचे समुद्र आपल्याकडे निरोप धाडीत असतात. निरोप्या वारा आहे. फक्त त्याची भाषा आपणांस आली पाहिजे. अर्थात् एखाद्या दुपारच्या वावटळीवरून किंवा गडगडाटाच्या पावसाआधीं येणाऱ्या झोतावरून कोणीं भविष्य सांगूं नये. हे वारे घटकाभराचे असतात. चार-सहा तास टिकून राहिलेल्या वाऱ्याचाच विचार करावा.

या ज्ञानाचा उपयोग काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आम्ही एकच शब्द सांगतों: दुबार पेरणी. हा शब्द वऱ्हाडांतील कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरांत उच्चारून पाहावा, म्हणजे त्याचा अर्थ घरच्या माउलीच्या चेहऱ्यावर दिसेल. मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेस लागतें. त्याच्या आगेमागें एखादें वादळ येऊन एक-दोन दिवस चांगला पाऊस देऊन जातें. जमीन ओली होते, मातीचा वास सुटतो, शेजाऱ्याची तिफण वावरांत गेलेली दिसते, आणि शेतकऱ्याचा धीर सुटतो. सरकी, तूर, सोयाबीन जमिनींत पडतें. कोंब वर येतात. परंतु तो पाऊस मोसमी पाऊस नव्हता. तो वादळाचा पाऊस होता. पाहुणा आला आणि गेला. पुढें पंधरा दिवस आभाळ कोरडें राहतें, ऊन तापतें, कोंब जळून जातात, आणि पीककर्ज काढून आणलेलें बियाणें मातीस मिळतें. दुसऱ्यांदा बियाणें आणावयास पैसा कोठला? घरांतील एखादा दागिना, नाहीं तर मुलाच्या शाळेचा खर्च, यांपैकीं कशावर तरी संक्रांत येते.

यावर उपाय म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनींत पुरती ओल झाल्यावांचून पेरणी करूं नये, असें कृषितज्ज्ञ वर्षानुवर्षें सांगत आले आहेत. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ सन १९६९ मध्यें स्थापन झालें. अशा प्रकारचा सल्ला शेतकऱ्यांस देणें हें त्याच्या कार्यांपैकींच एक आहे. परंतु किती मिलिमीटर पाऊस पडला हें ज्याच्या गांवांत कोणी मोजलेंच नाहीं, आणि हा पाऊस वादळाचा कीं मोसमाचा हें ज्यास कोणी सांगितलें नाहीं, त्या शेतकऱ्यास या सल्ल्याचा लाभ कसा होणार? आंकडा पुण्यांत आहे, सल्ला अकोल्यांत आहे, आणि बियाणें वावरांत आहे. हीं तीन एकत्र आणणारा मनुष्य गांवांत असावा लागतो.

पेरणीचें नुकसान एका हंगामाचें; पाण्यानें याहून भयंकर घात केलेलाहि आम्हीं पाहिला आहे. सन १९९१ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस वर्धा नदीच्या पुरांत मोवाड हें गांव बुडालें आणि दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. मोवाड नागपूर जिल्ह्यांत असलें तरी नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हाच लागतो. तेव्हां पाण्याचें भय फक्त समुद्रकांठच्या लोकांस असतें असें वऱ्हाडांत तरी कोणीं म्हणूं नये.

आगाऊ इशाऱ्यानें काय साधतें हें पाहावयाचें असेल तर ओडिशाकडे पाहावें. सन १९९९ च्या २९ ऑक्टोबरास त्या प्रांतावर जें महाचक्रीवादळ आलें त्यांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर तेथें किनाऱ्याजवळ आश्रयगृहें बांधण्यांत आलीं, गांवोगांवच्या लोकांस शिकविण्यांत आलें, आणि इशारा शेवटच्या झोंपडीपर्यंत कसा पोंचवावयाचा याची व्यवस्था लावण्यांत आली. सन २०१३ च्या १२ ऑक्टोबरास 'फायलिन' नांवाचें अतिशय प्रबळ वादळ त्याच किनाऱ्यावर आलें. या वेळीं सुमारें दहा लाख लोक आधींच सुरक्षित जागीं हलविले गेले होते, आणि ओडिशांतील मृतांची संख्या पन्नासाच्या आंत राहिली. घरें पडलीं, पिकें गेलीं. परंतु माणसें राहिलीं. चौदा वर्षांत समुद्र बदलला नव्हता. बदललीं होतीं तीं माणसें.

उलट, इशाऱ्याकडे पाठ फिरविल्यानें काय होतें याचींहि उदाहरणें आहेत. ज्या पिडिंग्टन यांचें नांव वर आलें आहे त्यांनींच सन १८५३ मध्यें गव्हर्नर-जनरलांस पत्र लिहून कळविलें होतें कीं, कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवें बंदर बांधण्याचा विचार धोक्याचा आहे. एखाद्या वादळांत समुद्राचें पाणी चढून तें उद्ध्वस्त होईल. त्यांचें म्हणणें कोणी मनावर घेतलें नाहीं. कॅनिंग बंदर बांधलें गेलें, आणि सन १८६७ च्या वादळांत त्याची धूळधाण होऊन पुढें तें सोडून द्यावें लागलें. आपलें म्हणणें खरें ठरलेलें पाहण्यास पिडिंग्टन हयात नव्हते. ते १८५८ मध्येंच वारले होते. दरम्यान १८६४ मध्यें कलकत्त्यावर भयंकर वादळ येऊन गेलें. १८६६ व १८७१ या वर्षीं पाऊस हुकला. आणि मग १८७५ मध्यें हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. ठेंच लागल्यावर शहाणपण आलें. परंतु तें खातें होऊन दीडशें वर्षें लोटलीं तरी ठेंचा लागण्याचें थांबलेलें नाहीं. सन २०२१ च्या मे महिन्यांत 'तौक्ते' वादळाची सूचना दिवसें आधीं मिळाली असतांहि मुंबईजवळच्या समुद्रांत तेलविहिरींच्या कामावरील एक तराफा माणसांसह तेथेंच राहिला, आणि तो बुडून सत्तरांच्या घरांत कामगार प्राणांस मुकले.

येथें आमचे कांहीं अनुभवी पालक हंसतील आणि म्हणतील, "हवामानखात्याचे अंदाज! त्यांनीं पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरीं ठेवावी." ही थट्टा जुनी आहे, आणि ती सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एका तालुक्यांत पाऊस पडतो व शेजारचा तालुका कोरडा राहतो, हें आम्हींहि पाहिलें आहे. परंतु अंदाज म्हणजे वचन नव्हे. 'निसर्ग' वादळ हरिहरेश्वर व दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ किनाऱ्यावर येईल, असें वेधशाळेनें आधीं सांगितलें होतें. आणि तें तसेंच आलें. मुंबई मुख्य तडाख्यांतून वांचली, एवढ्यावरून मुंबईंतील कांहीं लोक इशारा फुकट गेला असें म्हणूं लागले. त्यांनीं शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या दिवेआगरास जाऊन आडव्या पडलेल्या पोफळी पाहावयास हव्या होत्या. ज्या घरीं आग लागली नाहीं त्या घरानें पाण्याची बादली भरून ठेवली, तर त्याचें काय वांयां गेलें?

आमच्या वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते, आणि पाऊसपाणी व पिकें यांचें वर्षाचें भाकीत ऐकावयास दुरून दुरून शेतकरी जमतात. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांची आम्ही चेष्टा करीत नाहीं. शेतकऱ्याचें मन आभाळाकडे किती लागलेलें असतें याची ती साक्ष आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो मनुष्य वर्षाचें भाकीत ऐकण्यासाठीं दहा कोस चालत जातो, त्यानें उद्यांचा इशारा ऐकण्यासाठीं घटकाभर कान द्यावा. उद्यां दुपारीं तीन वाजतां वीज पडण्याचा संभव आहे कीं नाहीं, हें वर्षाचें कोणतेंहि भाकीत सांगूं शकत नाहीं. आणि वावरांत काम करणाऱ्या माणसाचा जीव त्या तीन वाजण्यावर अवलंबून असतो.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. प्रत्येक शाळेच्या गच्चीवर एक वातकुक्कुट असावा. पत्र्याचा बाण आणि लोखंडी सळई एवढ्यांत तो होतो. मुलांनीं तो आपल्या हातानें करावा. त्याच्या शेजारीं, झाडाच्या व भिंतीच्या आडोशापासून दूर, एक पर्जन्यमापक असावा. रोज सकाळीं ठराविक वेळीं दोन विद्यार्थ्यांनीं वाऱ्याची दिशा व पडलेला पाऊस वहींत लिहावा. हें काम क्षुल्लक दिसतें, पण त्यांत पुष्कळ शिक्षण आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक एकर जमिनीवर सुमारें चार हजार लिटर पाणी, हें गणित पुस्तकांत वाचणें निराळें आणि आपल्या वहींतील आंकड्यावरून आपल्याच वावराचें करणें निराळें. दहा वर्षें अशी वही नेमानें ठेवली, तर ती त्या गांवची मोठी ठेव होईल.

दुसरें, शाळेच्या दरवाजाशीं एक फळा असावा, आणि हवामानखात्याचा त्या दिवसाचा इशारा त्यावर लिहावा. त्याचे रंग चार आहेत: हिरवा म्हणजे भय नाहीं, पिवळा म्हणजे लक्ष असूं द्या, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, तांबडा म्हणजे आतां कृति करा. हे चार रंग पहिलींतल्या मुलासहि समजतात. विजेच्या आगाऊ सूचनेसाठीं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें साधन भ्रमणध्वनीवर उपलब्ध केलें आहे. तें गांवांतील एका तरी माणसाजवळ असावें. विजा चमकूं लागल्या म्हणजे झाडाखालीं उभें राहूं नये, पक्क्या घराचा आसरा घ्यावा, हें वेचणीच्या व निंदणाच्या बायांस आपल्या मुलींनीं सांगावें. कारण त्या बाया म्हणजे पुष्कळदां त्यांच्याच आया व मावश्या असतात.

तिसरें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें: फळ्यावरचा इशारा फळ्यावरच राहूं नये. शाळेंत वीस गांवांचीं आणि पन्नास गल्ल्यांचीं मुलें येतात. सरकारी इशारा तालुक्यापर्यंत येतो, गांवाच्या चावडीपर्यंतहि येतो. परंतु शेताच्या बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत तो पोंचविण्यास नातवासारखा दुसरा निरोप्या नाहीं. ऑक्टोबरांत सोयाबीनची सुडी लागलेली असते, कापूस फुटलेला असतो, आणि त्याच दिवसांत समुद्रावर वादळें उठतात. सन २००९ मध्यें 'फयान' वादळ ११ नोव्हेंबरास किनाऱ्यावर आलें, त्यांत कोंकणचे कित्येक मच्छिमार परत आले नाहींत. त्याहीपूर्वीं १९४८ च्या नोव्हेंबरांत मुंबईनें असेंच वादळ सोसलें होतें. अशा दिवशीं मुलानें घरीं जाऊन म्हणावें, "आबाजी, आज नारिंगी इशारा आहे, सुडीवर ताडपत्री टाकूं, आणि फुटलेला कापूस उद्यांवर न टाकतां आजच वेचून घेऊं." असें एक वाक्य कित्येक घरांचें वर्ष वांचवूं शकेल.

येथें पालकवर्गास आमची नम्र विनंति आहे. मुलानें असें कांहीं सांगितलें म्हणजे "तूं कालचें पोर, आम्हांस शेती शिकवतोस काय?" असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नका. तो तुम्हांस शेती शिकवीत नाहीं. तुम्हांस जें बांधावरून दिसत नाहीं तें दुरून कोणीं पाहिलें आहे, एवढेंच तो सांगत आहे. तुमच्या ठिकाणीं अनुभव आहे: कोणत्या वावरांत पाणी तुंबतें, कोणता नाला आधीं भरतो, हें वेधशाळेस ठाऊक नाहीं, तें तुम्हांसच ठाऊक आहे. मुलाची वही आणि वडिलांचा अनुभव एके ठिकाणीं बसलीं म्हणजे त्या घरास फसविणें वादळास सोपें जाणार नाहीं. आणि मुलांनींहि हें ध्यानांत ठेवावें कीं, इशारा सांगावयाचा तो आदरानें आणि खरेपणानें. न ऐकलेली बातमी फुगवून सांगणारा, आणि ऐकलेली बातमी दडवून ठेवणारा, हे दोघेहि सारखेच घातक आहेत.

फ्रँक्लिन यांचें ग्रहण ढगांत बुडालें, तेव्हां ते आपल्या नशिबास बोल लावीत बसले नाहींत. दुसऱ्या गांवीं काय दिसलें तें त्यांनीं विचारलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं या लेखांतून तेवढेंच घ्यावें. दारांतला वारा कोणत्या दिशेचा आहे तें रोज पाहावें. आणि तेवढ्यावर न थांबतां, वादळ कोणत्या वाटेनें येत आहे तें ज्यांस दिसतें त्यांस विचारावें. पुढच्या मृगांत पहिला पाऊस पडेल तेव्हां आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें पर्जन्यमापकाकडे धांव घ्यावी, आंकडा वहींत लिहावा, आणि घरीं जाऊन वडिलांस म्हणावें, "बाबा, अजून चार दिवस थांबूं." त्या घरचें बियाणें वांचलें, तर या पानांवर खर्च झालेली शाई सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.